टीव्हीवरच्या काळ्या पट्ट्या आणि त्या घालवण्याच्या नादात हरवणारं चित्र

मोठा टीव्ही घरात येतो, हौसेनं सिनेमा लावला जातो आणि पहिलाच प्रश्न निघतो: वर-खाली या काळ्या पट्ट्या कशाला? मग कुणीतरी रिमोट घेतं, ‘पिक्चर साइझ’ किंवा ‘झूम’ असं काहीतरी सापडतं, दोन-तीनदा बटण दाबलं की पट्ट्या गायब. पडदा भरला म्हणून सगळे खूश. त्यानंतर मात्र माणसांचे चेहरे जरा फुगलेले दिसायला लागतात, नाहीतर सबटायटलची खालची ओळ अर्धी कापली जाते, आणि कित्येक घरांत वर्षानुवर्षं तसंच चित्र पाहिलं जातं. हल्ली त्यात उभ्या व्हिडिओंची भर पडली आहे. फोनवर उभा काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला की मधे एक अरुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना नुसता अंधार.

यात टीव्ही बिघडलेला नसतो आणि सिनेमाही सदोष नसतो. यामागे शाळेतल्या गुणोत्तर-प्रमाणापलीकडचं गणित नाही, म्हणून ते नीट समजून घेऊ.

## चित्राचं प्रमाण

चित्राची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तराला अ‍ॅस्पेक्ट रेशो म्हणतात. या लेखात त्याला नुसतं ‘प्रमाण’ म्हणू. १६:९ म्हणजे रुंदीचे १६ सारखे भाग केले तर त्याच मापाचे ९ भाग उंचीत बसतात. चित्र तळहाताएवढं असो की भिंतीएवढं, प्रमाण तेच राहतं. सिनेमावाले हेच भागाकार करून सांगतात: १६:९ म्हणजे १.७८, ४:३ म्हणजे १.३३. आकडा जितका मोठा तितकं चित्र आडवं पसरलेलं.

टीव्ही घेताना आपण विचारतो ते इंच कर्णाचे असतात आणि कर्णावरून आकार कळत नाही. जुना ३२ इंची, ४:३ प्रमाणाचा पडदा २५.६ इंच रुंद आणि १९.२ इंच उंच. आजचा ३२ इंची, १६:९ चा पडदा सुमारे २७.९ इंच रुंद आणि १५.७ इंच उंच. दोन्ही ३२ इंचीच, पण नव्याचं क्षेत्रफळ जुन्यापेक्षा साधारण ११ टक्क्यांनी कमी भरतं. जुनी ४:३ ची मालिका या नव्या पडद्यावर व्यवस्थित दाखवली तर ती २६ इंची टीव्हीएवढीच दिसते. ‘नवा टीव्ही घेतला तरी जुने कार्यक्रम लहानच दिसतात’ ही तक्रार म्हणूनच खोटी नाही.

## इतकी प्रमाणं आली कुठून?

१८९० च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर तिच्या कडेच्या चार-चार छिद्रांच्या उंचीची चौकट बसवली. तिचं प्रमाण ४:३ निघालं. मूकपट त्याच आकारात निघाले, बोलपटांनी त्यात किरकोळ बदल केला आणि पुढे टीव्ही आला तेव्हा त्यानंही तोच आकार उचलला.

१९५० च्या दशकात टीव्हीमुळे थिएटरं ओस पडायला लागली. घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायला हवं म्हणून सिनेमा रुंद झाला. १९५३ साली सिनेमास्कोप आलं. त्यात खास भिंगानं रुंद दृश्य आडवं दाबून अरुंद करून फिल्मवर घेत आणि दाखवताना तसंच भिंग लावून ते पुन्हा पसरवत. तिथून पुढे १.८५ आणि २.३५ (आता २.३९) ही सिनेमाची नेहमीची प्रमाणं झाली.

मग १६:९ कुठून आलं? १९८० च्या दशकात हाय-डेफिनिशन टीव्हीची आखणी चालू असताना अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित प्रमाणांचे आयत घेतले, सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखं ठेवलं आणि ते एकमेकांवर मध्य जुळवून मांडले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांमध्ये सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण जवळपास १.७७ आलं. १६:९ त्याच्या अगदी जवळ आहे. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं तरी १.७७ च मिळतं. म्हणजे १६:९ हा मुळात तडजोडीचा आकार. ४:३ आणि सिनेमास्कोप दोघांवर सारखाच अन्याय होईल असा तो निवडला गेला. या पडद्यावर पट्ट्या दिसणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

## मार्ग तीनच

एका प्रमाणाचं चित्र दुसऱ्या प्रमाणाच्या पडद्यावर बसवायचं म्हणजे फोटो न जुळणाऱ्या चौकटीत घालण्यासारखं आहे. अख्खा फोटो ठेवून उरलेली जागा कोरी सोडा, चौकट भरेल इतका फोटो मोठा करून बाहेर आलेला भाग कात्रीनं कापा, किंवा फोटो रबरावर छापलेला असेल तर ओढून चारी कोपऱ्यांना चिकटवा. चौथा मार्ग नाही. रिमोटवर सहा-सात पर्याय दिसत असले तरी ते या तिघांपैकीच एखादा किंवा त्यांची भेसळ असतात.

फुल एचडी पडदा १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच असतो. पिक्सेल म्हणजे चित्राचा एक ठिपका. त्यावर ४:३ चा जुना कार्यक्रम लावला आणि उंची पूर्ण वापरली तर रुंदी १४४० ठिपके होते. दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपके काळे राहतात.

पट्ट्या नकोत म्हणून झूम केलं तर रुंदी १९२० करताना उंचीही १४४० होते, पण पडदा १०८० चाच. वरून-खालून मिळून एक चतुर्थांश चित्र गेलं. ताणलं तर काही कापलं जात नाही, पण प्रत्येक गोष्ट आडवी ३३ टक्क्यांनी फुगते.

रुंद सिनेमाचं उलट. २.३९ चं चित्र १९२० रुंदीत बसवलं की उंची सुमारे ८०३ ठिपके येते आणि वर-खाली १३८-१३८ च्या पट्ट्या पडतात. त्या झूम करून घालवल्या तर डावी-उजवीकडचं मिळून पुन्हा पाव चित्र पडद्याबाहेर जातं. दोघं जण पडद्याच्या दोन टोकांना उभे राहून बोलत असतील तर दोघांचेही अर्धे चेहरे गेले.

एक भेसळीचा प्रकारही आहे. त्याला कुठे ‘पॅनोरमा’ म्हणतात, कुठे ‘स्मार्ट’. यात चित्राचा मधला भाग जवळपास तसाच ठेवतात आणि कडेचा भाग जास्त ताणतात. चेहरे बहुतेक मधे असतात, म्हणून ते बरे दिसतात. ही चलाखी पकडायची असेल तर बातम्यांच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीकडे पाहा. अक्षरं उजव्या कडेला रुंद असतात आणि झपाट्यानं आत येतात, मधे अरुंद होऊन मंदावतात आणि डावीकडे पोचताना पुन्हा पसरून पळतात. एकदा हे दिसलं की नजर तिथून हटत नाही.

## ‘ताणलेलं चित्र मला तर काही खुपत नाही’

हे पुष्कळजण म्हणतात आणि ते खरंही असतं. डोळ्याला सवय होते. चार दिवस तसंच पाहिलं की नंतर योग्य चित्रातली माणसंच हडकुळी वाटायला लागतात. म्हणून डोळ्यावर विसंबू नका, मोजा. पडद्यावर समोरून दिसणारं गाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ किंवा पौर्णिमेचा चंद्र आला की चित्र थांबवा. कागदाची पट्टी घेऊन त्याची आडवी आणि उभी मापं घ्या. दोन्ही सारखी आली तर चित्र बरोबर आहे. आडवं माप १६ सेंटिमीटर आणि उभं १२ आलं तर ४:३ चं चित्र १६:९ वर ओढलेलं आहे.

मला स्वतःला तीन मार्गांत ताणणं सगळ्यात वाईट वाटतं. कापलेल्या चित्रात जे उरतं ते तरी खरं असतं. ताणलेल्या चित्रात खरं असं काहीच राहत नाही: कलाकाराचा बांधा बदलतो, नर्तकीच्या हाताची रेषा बदलते, आणि माणूस आडवा झोपला की लांब, उभा राहिला की बुटका होतो.

## ‘पण पट्ट्यांमुळे पडदा वाया जातो!’

पैसे पूर्ण पडद्याचे मोजले आणि पाव पडदा काळा, हा राग समजण्यासारखा आहे. पण पडदा वाया जाणं आणि चित्र वाया जाणं यातलं एक निवडावंच लागतं. छायाचित्रकारानं चौकटीच्या कडेला जे ठेवलेलं असतं ते बहुधा विचार करून ठेवलेलं असतं.

याचं एक बोलकं उदाहरण आहे. ‘द सिम्पसन्स’ ही कार्टून मालिका सुरुवातीची वीसेक वर्षं ४:३ मध्ये बनली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती डिस्ने प्लसवर आली तेव्हा जुने भाग वरून-खालून कापून १६:९ केलेले होते. त्यातल्या एका दृश्यात बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या दिसतात, आणि गंमत अशी की तिन्ही टाक्या एकाच नळीतून भरल्या जात असतात. नळी चित्राच्या वरच्या भागात होती. ती कापली गेली आणि उरल्या नुसत्या तीन टाक्या, म्हणजे विनोदच गेला. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर मे २०२० मध्ये मूळ प्रमाणात पाहायची सोय झाली.

कित्येकदा प्रमाण हा कथेचाच भाग असतो. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ या २०१४ च्या चित्रपटात वेगवेगळ्या काळांसाठी वेगवेगळी प्रमाणं वापरली आहेत. तिथे झूम दाबून बसलं तर दिग्दर्शकानं काळ बदलल्याची दिलेली खूणच पुसली जाते.

## टीव्हीला हे आपोआप का कळत नाही?

कळू शकतं, पण त्याला सांगणारं कुणीतरी लागतं. डीव्हीडी हे याचं उत्तम उदाहरण. तिच्यावर चित्र ७२० × ५७६ किंवा ७२० × ४८० ठिपक्यांत साठवतात. पहिल्याचा भागाकार केला तर १.२५ येतो, म्हणजे ना ४:३ ना १६:९. कारण हे ठिपके चौरस नाहीत असं धरलेलं असतं. त्याच ७२० × ५७६ मध्ये जुनी मालिकाही साठवतात आणि रुंद सिनेमाही. कुठलं चित्र किती पसरवायचं हे सांगणारी एक खूण फाइलमध्ये असते. ती हरवली, चुकली किंवा प्लेअरनं वाचली नाही, तर रुंद चित्र तसंच आवळलेलं राहतं आणि माणसं काठीसारखी उंच दिसतात. अशा वेळी मात्र रिमोटवरचं ‘फुल’ किंवा ‘वाइड’ दाबणंच योग्य, कारण तुम्ही चित्र ताणत नसता, आवळलेलं चित्र मूळ पदावर आणत असता.

प्रक्षेपणातही असे छोटे संकेत पाठवायची सोय आहे. पण चित्र तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत ते वाहिनीच्या यंत्रणेतून, मग सेट-टॉप बॉक्समधून, मग टीव्हीतून जातं, आणि यातल्या प्रत्येकाला चित्राचा आकार बदलता येतो. खरा घोळ इथेच होतो. बॉक्सला वाटतं टीव्ही ४:३ चा आहे, म्हणून तो रुंद चित्र लहान करून वर-खाली पट्ट्या घालतो किंवा त्याच्या कडा कापतो. टीव्ही आलेलं चित्र १६:९ समजून ताणतो. दोघांनी आपापलं काम चोख केलं आणि चित्राचा चुथडा झाला.

म्हणून आकार बदलण्याचं काम एकाच यंत्राकडे ठेवा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचं प्रमाण १६:९ निवडा आणि ‘स्ट्रेच’ किंवा ‘फुल स्क्रीन’ असा पर्याय असेल तर तो काढून ‘ओरिजिनल’ किंवा ‘लेटरबॉक्स’ ठेवा. लेटरबॉक्स म्हणजे वर-खाली पट्ट्या ठेवून अख्खं चित्र दाखवणं. टीव्हीवर ‘ऑटो’ किंवा ‘१६:९’ ठेवा. बहुतेक घरांतला त्रास एवढ्यानं संपतो.

वाहिनीनंच जुना कार्यक्रम ताणून पाठवला असेल तर? त्यावरही उपाय आहे. बऱ्याच टीव्हींत ‘४:३’ असा पर्याय मिळतो. तो निवडला की आलेलं ताणलेलं चित्र आडवं आवळलं जातं आणि गोल पुन्हा गोल होतो. बाजूला पट्ट्या येतात, पण माणसं माणसांसारखी दिसतात.

## चारी बाजूंनी पट्ट्या

कधीकधी चित्र पडद्याच्या मधोमध छोटंसं दिसतं आणि चहूबाजूंनी काळं. असं होतं कारण एकदा कुणीतरी रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत वर-खाली पट्ट्या घालून कायमचं बसवलं, आणि आता ती ४:३ ची चौकट तुमच्या रुंद पडद्यावर बाजूंना पट्ट्या घालून आली. वरच्या-खालच्या पट्ट्या इथे चित्राचाच भाग झालेल्या असतात. टीव्हीला त्या काळोख्या दृश्यापेक्षा वेगळ्या कळत नाहीत.

झूम बिनदिक्कत दाबावा अशी ही जागा. मूळ चित्र १६:९ चं असेल तर झूम केल्यावर फक्त पट्ट्याच बाहेर जातात आणि एक ठिपकाही न गमावता पडदा पूर्ण भरतो.

## पट्ट्या नाहीत, तरी कडा कापलेल्या

संगणक टीव्हीला जोडला की कधी खालची पट्टी अर्धी दिसते, कोपऱ्यातली चिन्हं गायब होतात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राचा आकार विजेच्या दाबानुसार आणि टीव्हीच्या वयानुसार थोडा कमी-जास्त व्हायचा. कडा उघड्या पडू नयेत म्हणून चित्र मुद्दामच काचेपेक्षा जरा मोठं पाडत. सपाट पडद्याला याची काही गरज नाही, कारण त्याचा प्रत्येक ठिपका जागच्या जागी पक्का आहे. तरीही अनेक टीव्ही जुन्या रिवाजानं चित्र काही टक्के मोठं करतात.

यात कडा जातातच, शिवाय १९२० × १०८० चं चित्र त्याच मापाच्या पडद्यावर उगाच मोठं केल्यामुळे बारीक अक्षरं धूसर होतात. सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ किंवा ‘१:१’ यांपैकी जे असेल ते चालू करा. फरक लगेच दिसतो.

अक्षरं धूसर का होतात? १२८० × ७२० चं चित्र फुल एचडी पडद्यावर भरायचं तर आडव्या आणि उभ्या प्रत्येक ओळीत दोन ठिपक्यांच्या जागी तीन लागतात. तिसरा कुठून आणायचा? शेजारचाच पुन्हा छापला तर तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या दिसतात. शेजाऱ्यांच्या रंगांची सरासरी काढून भरला तर रेषा मऊ होतात, पण कडा पुसट होतात. टीव्हीतली स्केलर नावाची चिप आजूबाजूच्या बऱ्याच ठिपक्यांचा हिशेब करून यातला मध्य गाठते. फुल एचडी ते फोर-के हा प्रवास त्या मानानं सोपा, कारण तिथे एकाचे बरोबर चार होतात. मात्र फोर-के घेतल्यानं पट्ट्या जात नाहीत: ३८४० × २१६० हेही १६:९ च आहे.

## पट्ट्यांनी पडद्यावर डाग पडतो का?

एलसीडी पडद्याला याची काळजी नको. ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि वापरानं झिजतो, काळ्या पट्टीतला ठिपका मात्र बंद असतो. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास फक्त पट्ट्यांचीच चित्रं पाहिली तर मधला भाग कडेपेक्षा जास्त झिजेल. वेगवेगळ्या प्रमाणांचं काही ना काही पाहणाऱ्याला ही भीती बाळगायचं कारण नाही.

## उभे व्हिडिओ आणि लांबट फोन

९:१६ चा उभा व्हिडिओ फुल एचडी पडद्यावर अख्खा दाखवला तर त्याची रुंदी सुमारे ६०८ ठिपके भरते, म्हणजे पडद्याचा तिसरा हिस्साही नाही. झूम करून पडदा भरायचा तर दोन तृतीयांशाहून जास्त चित्र टाकून द्यावं लागेल. म्हणून वाहिन्या बाजूंना तोच व्हिडिओ मोठा आणि धूसर करून लावतात. मला त्यापेक्षा साधा काळा रंग बरा वाटतो, कारण हलणारा धूसर पट्टा नजर सारखी मधल्या चित्रावरून खेचत राहतो. टीव्हीवर दाखवायचं असेल तर चित्रीकरण करतानाच फोन आडवा धरा, नंतर याला इलाज नाही.

फोन मात्र आता टीव्हीपेक्षा लांबट झालेत. २०:९ चा फोन आडवा धरून १६:९ चा व्हिडिओ पाहिला की डावी-उजवीकडे पट्ट्या येतात. मग दोन बोटांनी चित्र फाकवून पडदा भरायची सवय लागते. त्यात वरून-खालून मिळून २० टक्के चित्र जातं, म्हणजे दोन्ही कडांचा एकेक दशांश. सामन्याचा गुणफलक आणि सबटायटल नेमकी तिथेच असतात.